पाण्याचा कानोसा

कुंभाराकडून मडके घेताना जाणती माणसे ते कसे पारखतात, हे तुम्ही पाहिले असेल. मडके एका हातावर तोलून धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारायची. मडके खणखणीत वाजले, तर ते घरी येते. बद्द वाजले, तर जागच्या जागी राहते. जी चीर डोळ्यांना दिसत नाही, ती कानांना कळते.

परंतु मडके हातात धरता येते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नदीत उभ्या असलेल्या पुलाच्या खांबाचे काय करावे? त्याच्या पायाखालची माती प्रवाहाने खरवडून नेली असेल, किंवा पाण्याखालच्या चिरेबंदी बांधकामात भगदाड पडले असेल, तर ते वरून दिसत नाही. पाणी इतके गढूळ असते, की त्यात उतरलेल्या पाणबुड्याला स्वतःचा पसरलेला हातही दिसत नाही. तेथे दिवा नेला, तर पाण्यातील मातीच्या कणांवरून उजेड परत फिरतो आणि समोर नुसते पिवळट धुके उभे राहते. अशा ठिकाणी टिचकी कोणी मारावी आणि तिचे उत्तर कोणी ऐकावे?

या प्रश्नाचे उत्तर आज मानवाला सापडले आहे. ते शोधण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, ते थोर फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे पॉल लांजव्हँ. त्यांनी पाण्याला कसे बोलते केले, आणि पुढे संकटाच्या काळात स्वतः कसे न डगमगता उभे राहिले, त्याची ही कहाणी आहे.

पॉल लांजव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिस शहरात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. वडील बांधकामांची मोजमापे तपासण्याचे काम करीत. श्रीमंतांच्या मुलांसाठी असलेल्या खर्चिक शाळांचा मार्ग पॉलला मोकळा नव्हता. पण बुद्धी तल्लख होती आणि कष्टाची तयारी होती. पॅरिसच्या नगरपालिकेने पदार्थविज्ञान व रसायन या विषयांचे उद्योगोपयोगी शिक्षण देणारी एक शाळा काढली होती. १८८८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पॉल त्या शाळेत दाखल झाला.

या शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला एक अबोल, साधे, पण विलक्षण प्रतिभावंत गुरू भेटले. त्यांचे नाव पियेर क्यूरी. रेडियमच्या शोधामुळे क्यूरी पतिपत्नींचे नाव पुढे जगभर गाजले. पण त्या वेळी पियेर यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांनी आणि त्यांचे वडीलबंधू जाक यांनी १८८० मध्ये एक चमत्कारिक गोष्ट शोधून काढली होती. क्वॉर्ट्झ नावाचा जो पारदर्शक स्फटिक खाणीत सापडतो, त्याची विशिष्ट दिशेने कापलेली चकती दाबली, तर तिच्या दोन्ही बाजूंवर विजेचा भार प्रकट होतो. दाब काढला, की भार नाहीसा होतो. पुढच्याच वर्षी या बंधूंनी हेही दाखवून दिले, की उलट बाजूने चकतीला वीज दिली, तर चकती किंचित फुगते किंवा आक्रसते. या गुणाला दाबविद्युत् असे म्हणतात. स्फटिकाची ही हालचाल इतकी सूक्ष्म असते, की तिचा मोठा उपयोग होईल असे तेव्हा कोणाला वाटले नाही. नाजूक मोजमापांच्या उपकरणांत तिचा वापर होत राहिला, इतकेच. पॉलने ती उपकरणे गुरूंच्या प्रयोगशाळेत पाहिली. गुरूने दिलेली ही शिदोरी आपल्याला कोठे उपयोगी पडणार आहे, याची त्या विद्यार्थ्याला कल्पनाही नव्हती.

पुढचे शिक्षण पॉलने मोठ्या कष्टाने घेतले. १८९४ मध्ये त्याला पॅरिसच्या प्रसिद्ध एकोल नॉर्माल या संस्थेत प्रवेश मिळाला. तेथील शिक्षण संपवून १८९७ मध्ये तो इंग्लंडमधील केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेला. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन तेथे प्रमुख होते. तेथेच न्यूझीलंडहून आलेल्या अर्नेस्ट रदरफर्ड या तरुणाशी त्याचा परिचय झाला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पॅरिसला परतल्यावर १९०२ मध्ये लांजव्हँ यांनी डॉक्टरेट ही पदवी मिळवली. पियेर क्यूरी सॉर्बोन विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांची जुन्या शाळेतील जागा त्यांच्या या शिष्याकडेच आली. काही पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढले जातात व तापवले की ती ओढ कमी होते, याचे कारण लांजव्हँ यांनी १९०५ मध्ये अणूंच्या हालचालींवरून उलगडून दाखवले. त्यामुळे यूरोपभर त्यांचे नाव झाले. १९०९ मध्ये ते कॉलेज द फ्रान्स या मानाच्या संस्थेत प्राध्यापक झाले. परंतु या आनंदाला एक काळी किनार होती. १९०६ च्या एप्रिल महिन्यात पॅरिसच्या रस्त्यावर मालवाहू घोडागाडीखाली सापडून पियेर क्यूरी यांचे निधन झाले होते. शिष्याचा मोठेपणा पाहण्यास गुरू राहिले नाहीत.

आता आपण थोडे समुद्राकडे वळू. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक ही प्रचंड आगबोट अटलांटिक महासागरात एका हिमनगावर आदळली आणि काही तासांतच बुडाली. सुमारे १,५०० माणसे प्राणांस मुकली. समोर अंधारात काय आहे, हे बोटीला कळले असते तर! सारे जग हळहळले आणि अनेक संशोधक या प्रश्नाकडे वळले. त्याच वर्षी इंग्लंडमधील ल्युइस फ्राय रिचर्डसन यांनी प्रतिध्वनीच्या साहाय्याने पाण्यातील अडथळे ओळखण्याची कल्पना मांडली. १९१४ मध्ये अमेरिकेत रेजिनल्ड फेसेंडेन यांनी आपल्या यंत्राने पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनी प्रत्यक्ष ऐकला.

तुम्ही म्हणाल, की पाण्यात ध्वनीच का पाठवायचा? उजेड का नको? त्याचे कारण असे, की अगदी स्वच्छ समुद्रातही उजेड काहीशे मीटरांच्या पलीकडे पोहोचत नाही. गढूळ पाण्यात तर तो हातभर अंतरावरच हरवतो. बिनतारी संदेशांच्या लहरीही समुद्राच्या पाण्यात लवकरच विरून जातात. ध्वनीला मात्र पाणी हा आवडता मार्ग आहे. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो. १८२६ मध्येच कोलाडाँ आणि स्टुर्म या दोघा शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला होता. त्यांच्या उत्तरात आणि आजच्या उत्तरात फारच थोडा फरक आहे. वेग ठाऊक असला, की पुढचे गणित सोपे आहे. पाण्यात आवाज सोडला आणि दोन सेकंदांनी त्याचा प्रतिध्वनी ऐकू आला, तर आवाजाने एकूण ३,००० मीटर प्रवास केला. त्यातील निम्मा जाण्याचा व निम्मा येण्याचा. म्हणजे वाटेतील वस्तू १,५०० मीटरांवर आहे.

मात्र येथे एक मोठी अडचण होती. आपल्याला ऐकू येणारा आवाज पाण्यात सर्व बाजूंना पसरतो. दिव्याच्या झोताप्रमाणे तो एका दिशेने सोडता येत नाही. १,००० कंपनांच्या आवाजाची एक लहर पाण्यात दीड मीटर लांब असते. अशी लहर एका दिशेने सोडायची, तर तिच्यापेक्षा कितीतरी रुंद यंत्र हवे. शिवाय इतक्या लांब लहरीला लहान वस्तूंची नीट दखल घेता येत नाही. समुद्राची मोठी लाट खुंटीला वळसा घालून पुढे जाते, तशीच ती लहर लहान वस्तूला वळसा घालून निघून जाते. प्रतिध्वनी आला, तरी तो नेमका कोणत्या बाजूने आला, हे कळत नाही.

याच सुमारास यूरोपात महायुद्ध पेटले. २२ सप्टेंबर १९१४ रोजी एका जर्मन पाणबुडीने सुमारे दीड तासात तीन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. त्यांवरील १,४०० हून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. ७ मे १९१५ रोजी ल्युसिटानिया ही प्रवासी बोट पाणतीराने बुडवली गेली आणि सुमारे १,२०० माणसे मेली. त्यांत कितीतरी स्त्रिया व मुले होती. पाण्याखाली दबा धरून बसलेला हा शत्रू दिसत नव्हता आणि इंजिन बंद केले, की ऐकूही येत नव्हता.

१९१५ च्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या कॉन्स्टँटिन शिलोव्स्की या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारकडे एक योजना धाडली. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या द्रुत कंपनांचा ध्वनी पाण्यात सोडावा आणि पाणबुडीवरून परत येणारा त्याचा प्रतिध्वनी यंत्राने टिपावा, अशी ती योजना होती. सरकारने ती लांजव्हँ यांच्याकडे सोपवली. योजनेचे मर्म त्यांनी तत्काळ ओळखले. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडील ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. ४०,००० कंपनांच्या ध्वनीची लहर पाण्यात चार सेंटिमीटरांहूनही कमी लांबीची असते. अशा लहरींचा झोत बेताच्या आकाराच्या यंत्रातून एका दिशेने सोडता येईल आणि त्यांना लहान वस्तूंवरूनही प्रतिध्वनी मिळेल. कल्पना उत्तम होती. पण पाण्यात इतक्या जलद कंप पावणारे आणि तरीही जोरकस असे यंत्र जगात कोठेच नव्हते.

लांजव्हँ आणि शिलोव्स्की कामाला लागले. पहिले यंत्र त्यांनी अभ्रकाच्या पातळ पापुद्र्याचे केले. त्याला बदलता विद्युत्‌दाब दिला, की ते थरथरून पाण्यात लहरी सोडी. परत येणारा ध्वनी टिपण्यासाठी टेलिफोनमध्ये असतो तसा कोळशाच्या कणांचा ध्वनिग्राहक वापरला. आरंभीचे प्रयोग पॅरिसच्या सेन नदीत झाले. नंतर भूमध्य समुद्रावरील तूलाँ येथील नाविक तळावर काम सुरू झाले. तेथे पाण्यात टांगलेल्या पोलादी पत्र्यावरून सुमारे २०० मीटर अंतराहून प्रतिध्वनी मिळाला. मे १९१६ मध्ये दोघांच्या नावाने या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज करण्यात आला. त्यानंतर शिलोव्स्की या कामातून बाहेर पडले. मूळ कल्पना त्यांची होती, हे आपण विसरता कामा नये.

परंतु २०० मीटरांवरच्या पत्र्याचा प्रतिध्वनी म्हणजे पाणबुडीचा शोध नव्हे. अभ्रकाच्या यंत्राला फार मोठा विद्युत्‌दाब लागे आणि समुद्राच्या पाण्यात ते वारंवार बिघडे. ध्वनिग्राहकही लहरी स्वभावाचा होता. आज चाले, उद्या मुका होई. इकडे समुद्रात रोज बोटी बुडत होत्या. १९१७ च्या फेब्रुवारीपासून तर जर्मनीने पाणबुड्यांचा हल्ला कमालीचा वाढवला. लांजव्हँ यांच्या हाती पुरा न पडणारा एक प्रयोग होता आणि वेळ निघून चालला होता.

अशा वेळी त्यांना आपल्या गुरूंचा स्फटिक आठवला. दाबला असता वीज देणारा क्वॉर्ट्झ! पाण्यातून येणारी ध्वनीची लहर म्हणजे तरी काय? ती पाण्याचा सूक्ष्म दाबच नव्हे काय? तो दाब स्फटिकावर पडला, तर तितकीच सूक्ष्म वीज निर्माण होईल. पूर्वी ती वीज कोणाच्या उपयोगी पडली नसती. पण आता फ्रेंच सैन्याच्या तंत्रज्ञांनी बिनतारी संदेशांसाठी निर्वात नळ्यांचे नवे प्रवर्धक तयार केले होते. अतिशय क्षीण विद्युत् संदेशही ते कितीतरी पटींनी मोठा करीत. गुरूंच्या काळी जे अशक्य होते, ते आता शक्य झाले होते.

प्रश्न होता तो मोठा, निर्दोष स्फटिक मिळवण्याचा. पॅरिसमधील एका भिंगे घडवणाऱ्या कारागिराकडे क्वॉर्ट्झचा एक भला थोरला खडा होता. त्यातून दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि सुमारे दीड सेंटिमीटर जाडीची एक चकती कापून घेण्यात आली. १९१७ च्या वसंत ऋतूत ती ध्वनिग्राहक म्हणून पाण्यात सोडली, आणि काय आश्चर्य! कोळशाच्या कणांचा लहरीपणा संपला. स्फटिक शांतपणे व विश्वासूपणे ऐकू लागला.

मग लांजव्हँ यांनी पुढचे पाऊल टाकले. दाबाने वीज देणारा स्फटिक वीज दिल्यावर थरथरतोही. मग जो ऐकतो, त्यानेच बोलावे! त्यांनी त्या चकतीला जोरदार बदलती वीज दिली. चकती सेकंदाला सुमारे १,५०,००० वेळा कंप पावू लागली आणि पाण्यात कानाला न ऐकू येणारा एक प्रखर झोत निघाला. त्या झोतात सापडलेले मासे मरून पडले. पाण्यात हात घालणाऱ्याच्या हाताला हाडापर्यंत वेदना झाल्या. पाण्यात आवाज नव्हता, उजेड नव्हता. पण काहीतरी फार बलवान असे तेथे होते.

अजून एक अडचण उरली होती. कंपने जितकी द्रुत, तितका ध्वनी समुद्राच्या पाण्यात लवकर विरतो. लांबचा पल्ला गाठायचा, तर कंपने ४०,००० पर्यंत खाली आणणे आवश्यक होते. लहान घंटा किणकिणते आणि मोठी घंटा संथ घुमते. त्याचप्रमाणे पातळ चकती द्रुत कंप पावते व जाड चकती सावकाश. ४०,००० कंपनांसाठी सुमारे सात सेंटिमीटर जाडीचा स्फटिक लागला असता. एवढे मोठे निर्दोष स्फटिक कोठून आणावे? लांजव्हँ यांनी यावर एक साधी आणि सुंदर युक्ती काढली. त्यांनी क्वॉर्ट्झचे पातळ तुकडे फरशीसारखे शेजारी शेजारी बसवले आणि वरखाली पोलादाच्या जाड चकत्या घट्ट चिकटवल्या. भाकरीच्या दोन पापुद्र्यांमध्ये चटणी असावी, तसा स्फटिक पोलादामध्ये बसला. आता सारी रास मिळून एकच जाड चकती असल्याप्रमाणे संथ कंप पावू लागली. स्फटिक थोडा लागला आणि जोर मात्र भरपूर मिळाला.

१९१८ च्या आरंभी तूलाँच्या समुद्रात या यंत्राची परीक्षा झाली. त्याचा संदेश आठ किलोमीटर दूरवर पोहोचला. आणि मग ज्यासाठी तीन वर्षे धडपड चालली होती, तो क्षण आला. पाण्याखाली असलेल्या पाणबुडीवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी यंत्राने स्पष्टपणे टिपला. गढूळ आणि काळोख्या पाण्याने प्रथमच आपल्या पोटातील रहस्य सांगितले होते.

हे यंत्र युद्धनौकांवर बसवण्याआधीच ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध संपले. परंतु दोस्त राष्ट्रांना ही विद्या मिळाली होती आणि अनेक देशांत तिच्यावर पुढे काम चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी या यंत्राला एक आटोपशीर नाव दिले. ध्वनी, नौकानयन आणि अंतर या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव बनले आहे. ते नाव म्हणजे सोनार. आपल्या गावात दागिने घडवणाऱ्या सोनाराशी त्याचा काही संबंध नाही; पण दोघेही खऱ्याखोट्याची पारख करतात, हे साम्य मात्र गमतीचे आहे.

युद्धासाठी जन्मलेले हे साधन शांततेच्या काळात अधिकच उपयोगी ठरले. पूर्वी समुद्राची खोली मोजण्यासाठी शिशाचे वजन बांधलेला दोर खाली सोडीत. खोल समुद्रात एकेका मोजणीला तासन्‌तास लागत. आता बोटीच्या तळाशी बसवलेले यंत्र खाली ध्वनी सोडू लागले. चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला, की खाली तीन किलोमीटर पाणी आहे हे बोट न थांबवता कळू लागले. समुद्राच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगा आणि दऱ्या यांचे नकाशे अशा मोजण्यांतूनच तयार झाले.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आले, की जो ध्वनी पाण्यातील पाणबुडी शोधतो, तो लोखंडातील भेग का शोधणार नाही? १९२८ च्या सुमारास रशियातील सर्गेई सोकोलोव्ह यांनी श्राव्यातीत ध्वनीने धातूंतील दोष ओळखण्याची रीत मांडली. आज रेल्वेचे रूळ, बाष्पपात्रे आणि यंत्रांचे दांडे यांची अशीच तपासणी होते. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे डॉक्टर इअन डोनाल्ड यांनी धातूंतील दोष शोधण्याच्या यंत्रावरून प्रेरणा घेतली आणि १९५८ मध्ये माणसाच्या शरीराच्या आतील भागांची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. आईच्या पोटातील बाळ डॉक्टरांना आज पडद्यावर दिसते, ते याच विद्येमुळे.

आणि आपल्या त्या गढूळ नदीतील पुलाच्या खांबाचे काय? आता अभियंते बोटीतून सोनारचे यंत्र पाण्यात सोडतात. यंत्र पंख्याच्या आकाराचा, अगदी पातळ असा ध्वनीचा झोत खांबाच्या व तळाच्या अंगावरून फिरवते. दगड, काँक्रीट आणि लोखंड ध्वनीला जोराने परत पाठवतात. मऊ चिखल तो बराचसा गिळून टाकतो. जेथे खळगा किंवा उंचवटा असेल, तेथे ध्वनीची सावली पडते. कोठून किती वेळाने व किती जोराचा प्रतिध्वनी आला, याची नोंद करून यंत्र पडद्यावर एक चित्र रेखाटते. त्या चित्रात खांबाच्या पायाशी पडलेला खड्डा, निखळलेला चिरा, धरणाच्या भिंतीतील भगदाड किंवा तळाशी रुतलेले ओंडके दिसतात. जवळच्या बारीक दोषांसाठी अधिक द्रुत कंपनांचा ध्वनी वापरतात, कारण त्याने बारकावे दिसतात. दूरचे पाहण्यासाठी संथ कंपनांचा वापरतात, कारण तो लांब जातो. लांजव्हँ यांना तूलाँ येथे जी निवड करावी लागली, तीच निवड आजच्या अभियंत्यालाही करावी लागते. केसासारखी बारीक चीर मात्र सोनारच्या चित्रात सहसा दिसत नाही. संशयाची जागा यंत्राने दाखवली, की पाणबुड्या तेथे उतरतो आणि हाताने चाचपून खात्री करून घेतो. पण आता त्याला काळोखात सारा खांब चाचपडत बसावे लागत नाही. नेमके कोठे जायचे, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे त्याच्या जिवाचा धोका कितीतरी कमी झाला आहे.

आता पुन्हा लांजव्हँ यांच्याकडे वळू. शोधाची कीर्ती मिळाली, म्हणून ते प्रयोगशाळेत सुखाने बसून राहिले नाहीत. ज्या समाजात न्याय नाही, तेथे विज्ञानही फार काळ जगू शकत नाही, असे त्यांचे मत होते. जर्मनीत हिटलरचा उदय झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या विचारांचा उघड निषेध केला. तेथून परागंदा झालेल्या विद्वानांच्या बाजूने ते उभे राहिले.

१९४० च्या जून महिन्यात जर्मन सैन्याने पॅरिस घेतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनांनी लांजव्हँ यांना पकडून तुरुंगात टाकले. त्या वेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते. ही बातमी कळताच ८ नोव्हेंबर रोजी विद्यार्थी कॉलेज द फ्रान्सपाशी निषेधासाठी जमले. शहर शत्रूच्या ताब्यात होते आणि रस्त्यांवर बंदुका होत्या. तरीही मुले आपल्या गुरूंसाठी पुढे आली. महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर लांजव्हँ यांना त्रुआ या गावी नजरकैदेत ठेवण्यात आले. त्यांची प्राध्यापकाची जागा काढून घेण्यात आली.

पण याहून मोठा घाव पुढेच होता. त्यांचे जावई जाक सोलोमाँ हेही शास्त्रज्ञ होते. जर्मनांविरुद्ध गुप्तपणे कार्य केल्याबद्दल मे १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. लांजव्हँ यांची कन्या एलेन हिला १९४३ मध्ये आउशविट्झच्या भयंकर छळछावणीत धाडण्यात आले. म्हातारपणी पित्यावर असा प्रसंग यावा, याहून दुःख ते कोणते? तरीही त्यांनी शत्रूपुढे मान तुकवली नाही. १९४४ मध्ये त्यांच्या जिवाला धोका वाढला, तेव्हा मित्रांच्या साहाय्याने ते गुप्तपणे स्वित्झर्लंडमध्ये निघून गेले. पॅरिस मुक्त झाल्यावर ते मायदेशी परतले. मृत्यूच्या दाढेतून एलेनही जिवंत परत आली.

आता ते बहात्तर वर्षांचे होते. शरीर थकले होते. परंतु विश्रांती घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फ्रान्समधील शिक्षणात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. घरची गरिबी कोणत्याही मुलाच्या शिक्षणाआड येऊ नये आणि वयाच्या अठराव्या वर्षांपर्यंत सर्वांना शिक्षण मिळावे, असा त्या समितीचा आग्रह होता. नगरपालिकेच्या शाळेतून वर आलेल्या माणसाला हे काम किती जिव्हाळ्याचे वाटले असेल! मात्र ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ डिसेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी आंरी व्हालाँ यांनी समितीचे काम पुढे नेले आणि १९४७ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. १९४८ मध्ये फ्रेंच राष्ट्राने लांजव्हँ यांचे अवशेष पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात मोठ्या सन्मानाने ठेवले.

लांजव्हँ यांना पाण्याखालची पाणबुडी शोधायची होती. त्यांच्या प्रयोगाने पुढे पुलाचे खांब, धरणांच्या भिंती आणि समुद्राचे तळ माणसाला दाखवले. आणि ज्या स्फटिकाने हे घडले, तो गुरूंनी सुमारे सदतीस वर्षांपूर्वी केवळ जिज्ञासेपोटी तपासलेला होता. ज्ञानाचे कोणते बीज केव्हा रुजेल, हे पेरणाऱ्यालाही ठाऊक नसते. यापुढे कोणी मडक्यावर टिचकी मारून ते कान देऊन ऐकताना दिसले, तर तूलाँच्या समुद्रात प्रतिध्वनीची वाट पाहत बसलेल्या त्या शास्त्रज्ञाची आठवण आपल्याला अवश्य होईल.